मागच्या सीटवरचा बिघाड

आमची गाडी तेवीस वर्षांची आहे. ‘आमची’ हे मी शिष्टाचार म्हणून म्हणतो. कागदोपत्री आणि प्रत्यक्षात ती हिची आहे. ही म्हणजे माझी बायको. शाळेतून निवृत्त झाल्यावर हिने ती एका ओळखीच्या डॉक्टरीणबाईंकडून घेतली. हिचा गुडघा दुखतो म्हणून बिनक्लचची, आपले गिअर आपणच बदलणारी. मला गाडी येत नाही. परीक्षा तीनदा दिली. तिसऱ्या वेळी परीक्षा घेणारे साहेब वाटेतच उतरले, त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं आणि ते कचेरीत चालत गेले. तेव्हापासून माझी जागा हिच्या शेजारची. तिथे बसून मी रस्त्यावर लक्ष ठेवतो आणि जे दिसेल ते हिला सांगतो. इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही, याचं श्रेय मी मनातल्या मनात निम्मं-निम्मं वाटून टाकलं होतं.

दर मंगळवारी मात्र ही एकटी जाते. शहराबाहेर तासाभरावर एका वृद्धाश्रमात हिची मावशी असते. मी जात नाही, कारण मावशींनी मला अजून पसंत केलेलं नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली. त्या विचार करताहेत.

अशाच एका मंगळवारी ही परत आली आणि किल्ली टेबलावर ठेवत म्हणाली, “अहो, गाडी थरथरते.”

“तेवीस वर्षांची आहे. या वयात थरथरायचंच.”

“तशी नाही. मोठ्या रस्त्याला लागल्यावर, एका वेगाने चाललेली असताना.”

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम हिच्याबरोबर जाऊन आलो. मोठ्या रस्त्याने वीस किलोमीटर जाणं, वीस किलोमीटर येणं. गाडी पाळण्यासारखी गेली. “कुठेय थरथर?” मी विचारलं. “आत्ता नाही आली,” ही म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी मास्तरांकडे गेली.

मास्तर फक्त असल्या गाड्यांच्या गिअरबॉक्सचं काम करतात. गॅरेज एका गाडीपुरतं. भिंतीवर पाने मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने टांगलेले, आणि प्रत्येकाच्या मागे पांढऱ्या रंगात त्याची आकृती काढलेली, म्हणजे जागेवर नसला की कळावा. स्वतः मास्तर साठीचे, उंच, एकटे. शर्टाला इस्त्री. मिस्त्रीच्या नखांत काळं असावं अशी माझी साधी अपेक्षा असते. यांची नखं माझ्यापेक्षा स्वच्छ होती. इथून माझं बिनसायला सुरुवात झाली.

त्यांनी इंजिन चालू ठेवूनच गिअरच्या तेलाची पट्टी बाहेर काढली, पांढऱ्या टीपकागदावर एक थेंब टेकवला आणि कागद हिच्यापुढे धरला.

“वास घ्या, ताई.”

हिने वाकून वास घेतला. “करपल्यासारखा. अगदी पुसट.”

“आणि रंग?”

“कोऱ्या चहासारखा.”

“लाल हवा होता. नाक चांगलं आहे तुमचं,” मास्तर म्हणाले.

कागद माझ्याकडे आला नाही. मला सर्दी होती हे खरं, पण ते त्यांना कुठे माहीत होतं? मी वजनमापं खात्यात तेहतीस वर्षं तपासनीस होतो. नुसत्या डोळ्यांनी काटा खोटा आहे हे मी ओळखायचो. माझ्या कुठल्याही अवयवाचं हिने तरी असं कौतुक केल्याचं आठवत नाही.

मग त्यांनी गाडीला एक यंत्र जोडलं. यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे सगळं ठीक होतं. मास्तरांनी ते काढून ठेवलं. “जुन्या गाड्या यंत्राला सगळं सांगत नाहीत. गाडीबरोबर फिरून यायला लागेल. तेल चांगलं तापलं पाहिजे, म्हणजे चाळीस मिनिटं तरी.”

“मग या फिरून,” मी म्हणालो.

“मी नाही चालवत, साहेब. माझी पद्धत आहे. गाडी ज्याची, त्यानेच चालवायची. मी चालवली तर माझ्या पायाची गाडी कळेल, ताईंच्या पायाची कशी कळणार? मी शेजारी बसतो.”

शेजारी म्हणजे माझ्या जागेवर. त्यांनी बसल्या बसल्या खालची कड ओढून सीट दोन घरं मागे सरकवली. मी मागे होतो. माझे गुडघे हनुवटीपाशी आले. मास्तरांनी उजवा तळवा गिअरच्या दांड्याशेजारी ठेवला, डोळे मिटले आणि म्हणाले, “चला, ताई. आता कुणी काही दाखवायचं नाही. मी फक्त ऐकणार.”

ते ‘कुणी’ माझ्यासाठी होतं, हे मला वळणावर कळलं. पण समोर टेम्पो होता. “टेम्पो आहे,” मी म्हणालो. पुढे सायकलवाला होता, तोही सांगितला. एक कुत्रं रस्ता ओलांडायच्या विचारात दिसलं. चाळीस मिनिटं गेली, पन्नास गेली. गाडी एकदाही थरथरली नाही.

“शनिवारी परत बघू,” मास्तर म्हणाले. त्यांनी हिला एक वहीही दिली. थरथर आली की वेळ, वेग, चढ होता की सपाट, पाय किती दाबलेला होता, सगळं लिहायचं.

असे तीन आठवडे गेले. सोमवार, बुधवार, शनिवार आम्ही तिघं फिरायला जायचो. पुढे ही आणि मास्तर, मागे मी. थरथर नाही. मंगळवारी ही एकटी जायची आणि थरथर हमखास. बुधवारी मास्तर वही उघडून ओळ न् ओळ वाचायचे, बोट ठेवून. “‘आधी लहानसा उसासा’ म्हणजे? पायाला जाणवतो की पाठीला?” मग ही विचार करून सांगायची, “पाठीला, मास्तर. कमरेच्या वर.” आणि मास्तर मान हलवायचे, जसं काही त्यांना कुणीतरी किल्ली आणून दिली.

ही अंघोळीला गेली असताना मी वही वाचली. हे चांगलं नाही, पण वही स्वयंपाकघरात पडली होती आणि मला चष्मा सापडत होता.

‘मंगळवार. निघाल्यापासून पस्तीस मिनिटं. वेग पासष्ट. पाय हलका. खडबडीत पत्र्यावरून गेल्यासारखं चार-पाच सेकंद. पुलाच्या चढावर पुन्हा, तिथे जास्त. पाय जरा दाबला की जाते. आपण काही केलं नाही तर बिचारी आपल्या आपण सावरते.’

बिचारी! फेब्रुवारीपासून मला कोरडा खोकला होता. त्याची वेळ, चढ, उतार, काही कुठे लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा मुद्दाम वहीजवळ उभा राहून खोकलो. ही म्हणाली, “पाणी प्या.”

त्याच आठवड्यात हिने गाडी चालवायला वेगळ्या चपला घेतल्या. पातळ तळव्याच्या. मास्तरांनी सांगितलं होतं, तळवा जाड असला की पायाला गाडी कळत नाही. जाड तळव्याने गुडघा दुखतो हे मी दहा वर्षं सांगत होतो, पण माझ्या सांगण्यात गाडी नव्हती.

मी लेकीला फोन लावला. ती परगावी असते आणि माझं सगळं ऐकून घेते, कारण ती त्या वेळी भाजी चिरत असते.

“बिघाड मी नसतानाच येतो,” मी म्हणालो. “मी गाडीत बसलो की गायब. याचा अर्थ काय?”

“काय?”

“बिघाड नाहीच आहे.”

“बाबा, आई एकसष्ट वर्षांची आहे.”

“मास्तर साठचे आहेत. म्हणजे वयाचीही अडचण नाही.”

“तुम्ही आईवर संशय घेताय?”

“संशय नाही. तीन आठवड्यांत नऊ फेऱ्या. एकीतही दोष नाही. नऊ वेळा तपासून काटा बरोबर निघाला तर मी दुकानदाराला दाखला दिला असता.”

“बाबा, एक काम करा. एकदा घरी थांबा.”

“आणि त्या दोघांना जाऊ देऊ?”

पलीकडून सुरीचा आवाज थांबला. “आईला सांगू का हे सगळं?”

“नको,” मी म्हणालो. “भाजी चीर.”

दहाव्या फेरीनंतर गॅरेजसमोर मास्तर उतरले आणि प्रथमच जरा थकलेले दिसले. “ताई, गिअरबॉक्स खोलायला माझं मन घेत नाही. दुखणं बघितल्याशिवाय मी पोट फाडत नाही. पण आता किती फिरवू तुम्हाला?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “कदाचित दुखणंच नसेल.”

ही स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसली होती. मागे न वळता म्हणाली, “म्हणजे मी खोटं बोलते?”

“खोटं नाही गं. भास होतो माणसाला. एकटं असलं की.”

“एकटं असलं की,” ही म्हणाली. बस, एवढंच. मास्तरांनी गॅरेजचं शटर वर करायला जितका वेळ लागतो त्याच्या चौपट लावला. मग आम्ही निघालो. घरापर्यंत मी दोन रिक्षा आणि एक ट्रक दाखवला. हिने तिन्हींना वाट दिली.

त्यानंतर घरात शांतता. ताट वाढलं जायचं, पण त्याच्याबरोबर वाक्य यायचं नाही. पहिल्यांदा मला भीती वाटली. तोवर मास्तर माझ्या जागेवर बसत होते एवढंच होतं. आता वाटलं, मी गाडीतून उतरलोच तर हिच्या लक्षातही यायचं नाही. उलट, हायसं वाटेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी, वार फेरीचा नसताना, मास्तर दारात. हातात शिरस्त्राण. मी दार निम्मं उघडलं.

“ताई आहेत?”

“आहेत. पण आज शुक्रवार आहे.”

“साहेब, काम तुमच्याकडे पण आहे.”

हे ऐकून मी दार पूर्ण उघडलं. ही पदराला हात पुसत बाहेर आली. मास्तर बसले नाहीत. आमच्या दिवाणखान्यात त्यांचं डोकं पंख्याच्या जरा जास्तच जवळ येतं.

“परवा तुम्ही निघालात, आणि मी स्कूटरवर तुमच्या मागेच होतो,” ते म्हणाले. “माझी बहीण त्याच बाजूला राहते. मोठ्या चौकापर्यंत मी तुमच्या मागे. ताई, तुमचे ब्रेकचे दिवे विझतच नाहीत.”

“मी ब्रेक कुठे मारत होते?”

“मारत नव्हता. नुसता पाय टेकलेला. डावा. दिवा लागण्यापुरता. वेग कमी होत नाही, त्यामुळे कळतही नाही. आणि मी इतके दिवस शेजारी बसून काय केलं, तर डोळे मिटले. माझी पद्धत!” त्यांनी स्वतःच्या कपाळावर एक बोट मारलं. “ताई, या गाडीत गिअरच्या आत एक क्लच असतो, आपोआप लागणारा. एका वेगाने चाललात की तो लागतो आणि इंजिन न् गिअर एकजीव होतात. तेल बिघडलं असेल तर तो धरतो-सुटतो, धरतो-सुटतो. ती तुमची थरथर. पण ब्रेकला पाय नुसता लागला, तरी गाडी समजते की थांबायचंय, आणि तो क्लच सोडून देते. आपल्या दहा फेऱ्यांत तो एकदाही लागलेला नाही. थरथरणार कुठून?”

“पण मंगळवारी...”

“मंगळवारी डावा पाय कुठे असतो?”

हिने विचार केला. खरंच केला, बसली, आणि पातळ तळव्याच्या त्या चपलांकडे बघत डावा पाय जरा पुढे-मागे केला. “बाजूला,” ही म्हणाली. “गिअरच्या दांड्याखाली. निवांत.” मग हळूहळू हिची मान माझ्याकडे वळली. “हे गाडीत असले की... ‘ट्रक आहे’ म्हणतात, मी पाय तिकडे नेते. मग ‘कुत्रं आहे’. मग तो तिथेच राहतो.”

मास्तर अतिशय सभ्य माणूस. ते पंख्याकडे बघत होते.

“म्हणजे बिघाड माझ्यामुळे आहे?” मी विचारलं.

“नाही, साहेब. बिघाड तेलामुळे आहे. तुमच्यामुळे तो दिसत नाही.”

तेहतीस वर्षं मी लोकांचे काटे तपासत होतो आणि इथे पारड्याला मीच बोट लावून बसलो होतो. शिवाय जे मला टाळायचं होतं, म्हणजे हिने आणि मास्तरांनी फिरणं, ते माझ्या देखरेखीमुळे एका फेरीऐवजी दहा फेऱ्यांवर गेलं होतं. हा हिशेब मी कुणापुढे मांडला नाही.

“तर उद्या एकदाच जाऊ,” मास्तर म्हणाले. “साहेब, तुम्ही उद्या घरी थांबलात तर बरं.”

मी हिच्याकडे बघितलं. तीन दिवसांत हिने माझ्याशी धड वाक्य बोललेलं नव्हतं. ‘थांबा घरी’ एवढं म्हणायला हिला पुरेसं कारण होतं.

“येतील ते,” ही म्हणाली. “त्यांनाही कळू दे, मला भास होतो की काय ते. पण अहो, एक शब्द जरी बोललात ना, तर यापुढे तुम्हाला कायमचं घरी ठेवीन. मावशीची शप्पथ.”

मावशींची शपथ आमच्याकडे लटकी घेत नाहीत.

शनिवारी मी पाण्याची बाटली घेऊन मागे बसलो. गाव मागे पडेपर्यंत कसंबसं निभलं. मोठ्या रस्त्याला लागताच मी एक मोठा घोट घेतला आणि गिळला नाही. गाल फुगवून बसलो. दुसरा खात्रीचा उपाय मला सुचला नाही. समोर लाकडं भरलेला ट्रक आला, एक लाकूड बाहेर आलेलं. मी काही बोललो नाही. एक मोटारसायकल उलट्या बाजूने आली. हिने तिला मला दिसायच्या आधीच बघितलं होतं आणि गाडी सहज बाजूला घेतली. मला आश्चर्य वाटलं. मग आठवलं की मंगळवारचे ट्रक हिचे हीच बघत असणार. रस्त्याकडे बघण्यासारखं काही उरलं नाही म्हणून मी हिच्याकडे बघू लागलो. आरशात हिचा अर्धा चेहरा दिसत होता. हिचे ओठ जरा मिटलेले, आणि मान किंचित कललेली, कुणाचं तरी बोलणं लक्ष देऊन ऐकत असल्यासारखी. शाळेत ही अशी बसत असेल, हे मला ती निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी, तोंडात पाणी असताना दिसलं.

अडतिसाव्या मिनिटाला ते झालं. आधी एक बारीक उसासा, खरोखर कमरेच्या वर, आणि मग सगळी गाडी पत्र्यावरून गेल्यासारखी. माझ्या हातातल्या बाटलीतलं पाणी हललं.

“आली!” ही ओरडली.

“आली!” मास्तरांनी डोळे उघडले. “पाय टेकवा, ताई. डावा. अलगद.”

थरथर गेली.

“काढा.”

पुन्हा आली.

“टेकवा.”

गेली. दोघं हसायला लागले. बाळाचा पहिला दात दिसल्यावर घरात हसतात तसं, कारण नसताना, मोठ्यांदा. मास्तरांनी गिअरच्या दांड्यावर थाप मारली. आणि मी मागे, गालांत पाणी धरून. इतका मत्सर मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. हे हसू फुकट नव्हतं, कमावलेलं होतं. मास्तर हिच्यावर तीन आठवडे विश्वास ठेवून होते, पुरावा काडीचा नसताना. पुराव्याला मी आडवा बसलो होतो, तरीही.

मी पाणी गिळलं. “मला जाणवली,” मी म्हणालो.

दोघं हसायचे थांबले. हिने आरशात बघितलं. शपथ मोडली की नाही यावर विचार चालला असावा.

“कुठे?” हिने विचारलं.

“पाठीला. कमरेच्या वर.”

हिने नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली. पण संध्याकाळी ताटाबरोबर वाक्य आलं: “भात गरम आहे.”

पुढचं काम मास्तरांनी दहा दिवसांत उरकलं. तेल एकदम बदलत नाहीत. निम्मंच बाहेर येतं, निम्मं आतल्या कानाकोपऱ्यांत राहतं, म्हणून काढायचं, भरायचं, गाडी चालवायची, पुन्हा काढायचं. तिसऱ्या वेळी पट्टीवरचा थेंब लालभडक आला. मंगळवारी ही मावशींकडे जाऊन आली आणि वहीत एकच शब्द लिहिला: ‘नाही.’

शेवटच्या दिवशी मास्तर गाडी घरी पोचवायला आले. म्हणजे हिने चालवली, ते शेजारी बसले. चहा झाला. ते उठायला लागले, आणि माझ्या छातीवरचा गिअरबॉक्स उतरायला लागला. आता सोमवार, बुधवार, शनिवार माझे.

“मास्तर,” ही म्हणाली, “एक सांगायचं राहिलं. सकाळी गाडी गार असताना मागे घेते ना, तेव्हा आतून टक् असं होतं.”

मास्तर पुन्हा बसले. आनंदाने बसले, हे मी बघितलं. त्यांनी कप खाली ठेवला, पुढे वाकले, आणि विचारायला तोंड उघडलं.

“लगेच होतं, की दांडा टाकल्यावर जरा थांबून?” मी विचारलं.

ही माझ्याकडे बघायला लागली. मी मास्तरांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर धीर सुटला असता.

“जरा थांबून,” ही म्हणाली. “एक... दीड सेकंद.”

“एकदा, की दोनदा?”

“एकदाच. पण अहो, कसं, की आत कुणीतरी कपाट लावल्यासारखं. मोठं नाही, आपल्या खोलीतलं लहान कपाट असतं ना, तसं.”

“हाताला कळतं, की पायाला?”

“थांबा, हं,” ही म्हणाली, आणि डोळे मिटून उजवा हात नसलेल्या स्टिअरिंगवर, डावा नसलेल्या दांड्यावर ठेवून आठवायला लागली. “हाताला. आधी हाताला, मग जरा सीटला. आणि पाऊस पडून गेल्यावर होत नाही, हे पण आत्ता लक्षात येतंय. हे मी कुणाला सांगितलंच नव्हतं. तुम्हाला सांगते, गेल्या वर्षीपासून होतंय हे...”

ती बोलत राहिली. मला टक् या आवाजातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण मी मान हलवत होतो, अगदी मास्तरांसारखी, आणि मधेच टेम्पो किंवा कुत्रं आलं नाही. बऱ्याच वेळाने मी मास्तरांकडे बघितलं. त्यांच्या चहावर साय धरली होती. ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती मी लगेच ओळखली. गेला महिनाभर दाढी करताना मी ती रोज बघत होतो.

“साहेब,” ते जरा घसा साफ करून म्हणाले, “तो आवाज मी एकदा ऐकायला हवा.”

“ऐका की,” मी म्हणालो. “मागे बसा.”